एक अंगण, दोन जाती: गिनी कोंबड्या आणि गावठी कोंबड्यांची भांडणं

गिनी कोंबडी हा पक्षी मराठी लिखाणात फारसा भेटत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आकार साधारण गावठी कोंबडीएवढा, अंग राखाडी, त्यावर कुणी कणी उधळावी तसे पांढरे ठिपके. डोकं जवळजवळ टकलं, त्यावर हाडासारखं कडक शिंगटं आणि गालांशी लोंबणारी लालसर पाळी. आवाज असा की दुपारी झोपलेला माणूस दचकून उठून बसेल. बाजारात कुणी त्याला चिनी मुर्गी म्हणतं, कुणी तित्तर म्हणून विकतं. तो चिनी नाही आणि तित्तरही नाही. तित्तर हा आपल्याकडचा रानपक्षी, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेतली, माणसाने पाळीव केलेली. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तर तिच्या कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा जाती तयार केल्या आहेत.

तिचं शास्त्रीय नाव न्यूमिडा मेलिआग्रिस. न्यूमिडिया हे उत्तर आफ्रिकेतलं जुनं राज्य. मेलिआग्रिस हे नाव ग्रीक पुराणातल्या मेलिएजरवरून आलं. तो गेल्यावर त्याच्या बहिणींनी इतका शोक केला की देवीने त्यांचे पक्षी केले, अशी कथा ओव्हिडनेही सांगितली आहे. अंगावरचे ठिपके म्हणजे त्या बहिणींचे अश्रू, अशी समजूत. मी या विषयावर लिहिणार म्हटल्यावर मंडळाच्या बैठकीत हशा पिकला, आणि 'त्यापेक्षा त्या अश्रूंवर कविता कर' असा सल्लाही मिळाला. पण ज्यांच्या अंगणात हा पक्षी आहे त्यांना ठाऊक आहे, तो स्वतः रडत नाही, दुसऱ्यांना रडवतो.

माझी मोठी मावशी सुरतेच्या बाहेर, कामरेजच्या बाजूला राहते. आमची मंडळी मूळची खानदेशातली. लूमच्या कामाला सुरतेत आली आणि इथलीच झाली. मावशीच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि तिच्यापलीकडे उसाची शेतं. तिच्याकडे चौदा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. अंड्यांचे पैसे ती वेगळे ठेवते, त्यातून माझ्या मावसबहिणीच्या क्लासची फी जाते. दोन वर्षांपूर्वी काकांनी सहा गिनी पिल्लं आणली. कारण साधं होतं. उसामुळे साप येतात, आणि साप दिसला की गिनी कोंबड्या गोळा होऊन कल्ला करतात. शिवाय त्या दिवसभर किडे, नाकतोडे वेचतात. पहिलं वर्ष बरं गेलं. गेल्या पावसाळ्यात मात्र कोंबड्याचा डोळा सुजून बंद झाला, एक तलंग पाठीवरची पिसं उपटून रक्तबंबाळ झाली आणि तिसऱ्या दिवशी मेली. रोजची सात-आठ अंडी दोन-तीनवर आली. काका म्हणाले, सगळ्या गिनी विकून टाका. मावशी म्हणाली, मागच्या साली परसातला नाग यांनीच दाखवला होता, तेव्हा बरं नाही विकाव्याशा वाटल्या! मला फोनवर म्हणाली, "तू एवढी पुस्तकं वाचतेस ना, मग सांग, ठेवू का काढू?"

त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि सुट्टीत तिच्या अंगणात बसून पाहिलं, ते इथे मांडते.

कोण कुणाला टोचतं

कोंबड्यांच्या कळपात भांडण असतंच. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. १९२१ मध्ये त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. त्यांना दिसलं की प्रत्येक कळपात एक क्रम ठरलेला असतो. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचू शकते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि सगळ्यांत शेवटची कुणालाच नाही. ऑफिसपासून हॉस्टेलपर्यंत आपण 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द सहज वापरतो, तो मुळात या अंगणातून आलेला आहे. या क्रमाचा एक मोठा फायदा असतो: एकदा तो ठरला की रोज रोज भांडावं लागत नाही. खालच्या कोंबडीने मान खाली घातली, दोन पावलं बाजूला सरकली, की वरची तिला सोडून देते. प्रकरण तिथेच मिटतं.

गिनी कोंबड्यांतही क्रम असतो, पण त्यांची भांडायची रीत वेगळी. त्या थव्याने राहतात आणि थव्यानेच भांडतात. एकाने सुरुवात केली की बाकीच्या धावत येतात. गावठी कोंबडा समोरासमोर उभा राहतो, मानेची पिसं फुलवतो, उडी मारून पायाच्या काट्याने वार करतो. गिनी नराच्या पायाला तसा काटा नसतो. तो पंख पाठीवर कुबडासारखे उचलतो, मान खाली घालून सरळ धावत येतो, मागून पिसं धरतो आणि धरूनच धावत राहतो. कोंबड्याला समोरच्याशी लढता येतं, मागून येणाऱ्या तिघांशी कसं लढायचं हे त्याला कळतच नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, बाजूला सरकणं ही कोंबडीची 'माझी हार' सांगायची खूण गिनीला पुरत नाही. समोरचा पळताना दिसला की तिचा पाठलाग उलट वाढतो. मावशीच्या अंगणात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं. कोंबडीच्या हिशेबाने भांडण संपलेलं असायचं, गिनीच्या हिशेबाने आत्ता कुठे सुरू झालेलं.

म्हणून 'गिनी कोंबड्या दुष्ट असतात' असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि 'भांडू दे, आपोआप ठरेल कोण मोठं' हा सल्ला कोंबड्यांपुरता ठीक असला, तरी इथे तो पक्ष्याच्या जिवावर बेततो.

मोकळ्या जागी काय होतं

केनियात डॅमियन फरीन आणि दनाई पापायोर्जिऊ या संशोधकांनी गिनीच्याच कुळातल्या एका रानटी जातीचा, गिधाडासारखं डोकं असलेल्या गिनी पक्ष्यांचा, अनेक वर्षं अभ्यास केला. २०२० मध्ये त्यांनी एक गंमत मांडली. थव्यातले दांडगे नर चांगल्या दाण्याची जागा अडवतात आणि बाकीच्यांना हुसकावतात. हुसकावलेले पक्षी तिथे रडत बसत नाहीत, दुसरीकडे चालायला लागतात. थोड्या वेळाने दांडग्यांनाही थवा सोडून राहवत नाही आणि तेही मागोमाग निघतात. म्हणजे कुठे जायचं हे अशा वेळी खालच्या पायरीवरचे ठरवतात.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. दांडगाई रानातही आहे, पण रानात 'दुसरीकडे' असतं. खुराड्यात नसतं. हाकललेल्या पक्ष्याला जायला जागा असेल तर पाठलाग दहा-वीस पावलांत विरतो. जागा नसेल तर तोच पाठलाग कोपऱ्यात जाऊन थांबतो, आणि कोपऱ्यात काय होतं ते त्या तलंगेने दाखवलं. पुढचे जवळजवळ सगळे उपाय याच एका गोष्टीचे आहेत: पळणाऱ्याला वाट ठेवा.

पावसाळ्यातच का

मावशीचा प्रश्न रास्त होता. वर्षभर बरं चाललं, मग पावसात काय झालं? तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली ऋतूची. गिनी कोंबड्या वर्षभर अंडी घालत नाहीत. आपल्याकडे त्यांचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत असतो. या काळात नर जोडी जमवतात आणि गावठी कोंबड्यालाही प्रतिस्पर्धी समजतात. पहिल्या वर्षी ती पिल्लं होती, म्हणून शांतता होती. दुसऱ्या वर्षी ती वयात आली.

दुसरी गोष्ट पाण्याची. सुरतेचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. शहरात खाड्या भरतात, बाहेर शेतं तुंबतात. मावशीच्या अंगणात चार दिवस घोट्याएवढं पाणी होतं. तेवढे दिवस तिने एकवीसच्या एकवीस पक्षी पत्र्याच्या एकाच शेडमध्ये कोंडले. एक दार, एक परात, एक पाण्याचं भांडं. म्हणजे नरांचा जोर सर्वांत जास्त आणि जागा सर्वांत कमी, हे दोन्ही एकाच आठवड्यात. सुरतेत हे दरवर्षी घडणार, कारण गिनीचा हंगाम आणि आपला पाऊस एकमेकांवर येतात. थंडीत सगळं गोड दिसतं म्हणून फसू नका. व्यवस्था करायची ती मे महिन्यात.

आधी ओळखा

प्रत्येक धावपळ भांडण नसते. गिनी कोंबड्या एकमेकींनाही दिवसभर पळवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळजी करायची ती चार खुणा दिसल्या तर. एकच पक्षी रोज मार खातो. पाठीवरची किंवा शेपटीजवळची पिसं जाऊन कातडी दिसते. कोणी दिवसभर खुराड्याखाली, डालग्यामागे लपून असतो. आणि चौथी खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटली: संध्याकाळी पक्षी बसले की हात लावून गळ्याखालची दाण्याची पिशवी तपासा. पोटभर खाल्लेल्या कोंबडीची ती भरलेली, गच्च लागते. रिकामी लागली तर तिला दिवसभर कुणी दाण्यापाशी येऊ दिलेलं नाही. मावशीचा कोंबडा डोळ्याच्या जखमेने जेवढा खंगला नव्हता तेवढा उपासाने खंगला होता.

जखमी पक्षी त्याच दिवशी वेगळा काढायचा. रक्त दिसलं की बाकीचे, अगदी त्याच्याच जातीचे, तिथेच टोचत राहतात. जखम धुवून आयोडीनचं औषध लावायचं, आणि डोळ्याची किंवा खोल जखम असेल तर पशुवैद्याकडेच न्यायचं.

काय करायचं

सुरुवात दाण्यापासून. एका परातीऐवजी तीन-चार ठिकाणी दाणा-पाणी ठेवा, आणि अशा ठिकाणी की एका जागेवरून दुसरी दिसणार नाही. हे महत्त्वाचं आहे. दोन परातींच्या मध्ये उभा राहून एक दांडगा नर दोन्ही राखू शकतो, पण घराच्या दोन बाजूंच्या पराती त्याला राखता येत नाहीत. ज्वारी, कणी पसरून टाकली तर वेचण्यात सगळ्यांचा वेळ जातो. खाण्यात प्रथिनं कमी पडली तर पिसं उपटण्याची खोड वाढते, म्हणून नुसत्या दाण्यावर भागवू नका.

मग आडोसे. बांबूचा तट्टा, जुनी फळी, दोरीवर टाकलेलं गोणपाट, काहीही चालतं. पळणारा पक्षी तट्ट्यामागे गेला आणि दिसेनासा झाला की पाठलाग करणाऱ्याचा उत्साह मावळतो. शेडला दोन दारं हवीत. कोपऱ्यात फळी तिरकी लावली तर कोंडीची जागाच उरत नाही.

झोपायची सोय वेगळी करा. गिनी कोंबड्यांना उंच बसायला आवडतं, मोकळ्या असतील तर झाडावरच जातात. त्यांच्यासाठी वर बांबू बांधा, कोंबड्यांसाठी खाली. तिन्हीसांजेला बसायच्या जागेवरून होणारी रोजची झटापट यानेच निम्मी होते. पावसात दिवसभर कोंडावं लागणार असेल तर शेडमध्ये मधोमध जाळी हवीच, इकडे गिनी, तिकडे कोंबड्या. एका गिनीमागे तीन-चार चौरस फूट जागा धरा.

चौथी गोष्ट नरांची संख्या. एका गिनी नरामागे चार-पाच माद्या आणि एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या, हा हिशेब साधारण बरा. मावशीच्या सहा गिनींमध्ये तीन नर निघाले, म्हणजे तिघांत तीनच माद्या. पण नर ओळखायचा कसा? दिसायला दोघं सारखीच, नराची गालाची पाळी थोडी मोठी एवढंच. खरी ओळख आवाजाची. मादी दोन तुकड्यांत ओरडते आणि दुसरा तुकडा वर चढतो. नर एकाच सुरात ओरडतो. मादी घाबरली तर एकसुरी आवाजही काढते, पण नर दोन तुकड्यांचा आवाज काढत नाही. म्हणून दोन तुकडे ऐकू आले की ती मादीच. माझ्या मावसबहिणीने दोन संध्याकाळी अंगणात बसून, पायात रंगीत दोरे बांधून, सहाही पक्ष्यांचा निकाल लावला. क्लासची फी तिचीच होती, तेव्हा कामही तिनेच केलं!

एखादाच नर सगळ्यांचा म्होरक्या असेल तर त्याला पाच-सात दिवस कळपातून दूर, नजरेआड ठेवा. तो नसताना बाकीच्यांचा क्रम नव्याने बसतो, आणि परत आल्यावर त्याला पूर्वीची जागा आयती मिळत नाही. मार खाणाऱ्यालाच दूर ठेवण्याची आपली सवय असते. जखम भरेपर्यंत ते बरोबर आहे, पण तेवढंच केलं तर परत आल्यावर तो नवखा ठरतो आणि जास्त मार खातो.

नवे पक्षी आणताना घाई नको. इथे नवापूरची आठवण ठेवलेली बरी. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं हे गाव आपल्या ओळखीचं. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ तिथे सापडली, शेजारच्या उच्छलपर्यंत तिची झळ पोचली आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. म्हणून नवा पक्षी आधी तीन आठवडे पूर्ण वेगळा, दूर ठेवायचा. तो ठणठणीत आहे याची खात्री झाली की मग दोन आठवडे जाळीआड, एकमेकांना दिसेल पण टोचता येणार नाही असा. मग संध्याकाळी मोकळा सोडायचा, आणि एकटा कधीच नाही, दोघा-तिघांना एकत्र. पिल्लं असतील तर कोंबडीच्या पिल्लांबरोबर पहिल्या दिवसापासून वाढवलेली उत्तम. गिनीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात, फक्त कोंबडीची २१ दिवसांत फुटतात तर गिनीची २६ ते २८ दिवसांत, तेव्हा दोन्ही एकत्र ठेवू नका. एकत्र वाढलेले पक्षी एकमेकांना परके मानत नाहीत. तरी हंगामात नरांवर लक्ष ठेवावंच लागतं.

आणि काय करायचं नाही? काठी घेऊन मागे धावायचं नाही. थवा आणखी बिथरतो आणि ज्याला वाचवायचं तोच कोपऱ्यात सापडतो. चोच कापायची नाही. त्याने पक्ष्याला वेदना होतात, खाणं सुटतं आणि भांडणाचं कारण जिथल्या तिथे राहतं.

मावशीने काय केलं

दोन नर तिने एका ओळखीच्या शेतकऱ्याला दिले. त्याच्याकडे मोठं रान आहे आणि कोंबड्या नाहीत. उरलेला एक नर आणि तीन माद्या ठेवल्या. काकांनी कुरकुर करत शेडला दुसरं दार पाडलं आणि मधे जाळी लावली. दाणा आता चार ठिकाणी असतो. गणपती उठेपर्यंत अंडी पाच-सहावर आली. कोंबड्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही, तेव्हा गिनी त्या बाजूने आली की तो अजून दचकतो. त्याच्यासाठी मावशीने तुळशीच्या ओट्यामागे एक परात वेगळी ठेवली आहे.

कुणी विचारलं, आमच्याकडेही गिनी आणाव्यात का, तर मी आधी जागा विचारते. अंगण मोठं असेल, शेजाऱ्यांना आवाज चालणार असेल आणि पावसात दोन वेगळे आडोसे करता येणार असतील तर जरूर आणा. घराला चिकटून दहा बाय दहाची जागा असेल आणि तिथे आधीच कोंबड्या असतील, तर आणू नका. तेवढ्या जागेत पाच कोंबड्या सुखाने राहतात. त्यांच्यात गिनी सोडली तर मार कुणी खायचा, एवढंच ठरायचं राहतं.